जबाब कोण लिहितो?

काकूच्या बांधाच्या भांडणातली गोष्ट आहे. शेजाऱ्याने बांध कोरला, काकू जाब विचारायला गेली, त्याने तिला ढकललं. ती दगडावर पडली आणि मनगट मोडलं. दवाखाना झाला, दोनचार दिवस गेले, मग सगळे मिळून ठाण्यात गेलो.

समोरचा रायटर विजापूरकडचा. मराठी त्याला जेमतेम. माणूस वाईट नव्हता. काकूला बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. मग भराभर कन्नडमध्ये लिहिलं, कन्नडमध्येच वाचून दाखवलं आणि सही घेतली. काकूने मान डोलावली आणि कन्नड कागदाखाली मराठीत सही केली.

साडेतीन वर्षांनी साक्षीला बोलावलं. आरोपीच्या वकिलाने विचारलं, "फिर्यादीत तुम्ही मारलं म्हणून सांगितलंय. आज ढकललं म्हणताय. खरं कुठलं?" काकू म्हणाली, "मारलं म्हणून मी सांगितलोच न्हाई की." पण कागदावर 'होडेद' होतं. 'तळ्ळिद' पाहिजे तिथे 'होडेद' लिहिलेलं. तारखेचाही घोळ. काकू 'परवा' म्हणाली होती. आपल्याकडे परवा म्हणजे दोनचार दिवसांमागे, कधी आठवड्यामागेसुद्धा. कागदावर बरोबर दोन दिवस मागची तारीख पडली होती आणि दवाखान्याच्या कागदावर वेगळी होती. आरोपी सुटला.

कोर्टाबाहेर काकू एवढंच म्हणाली, "मी खोटं बोललो न्हाई रे. तरी खोटी ठरलो."

मित्रांनो, सीमाभागात भाषेचा अन्याय म्हटलं की आपल्याला फलक आठवतात, बसच्या पाट्या आठवतात, महापालिकेचे कागद आठवतात. त्यासाठी आपण लढतो आणि लढलंच पाहिजे. पण माणूस तुरुंगात जाणार की घरी येणार, हे ज्या कागदावर ठरतं त्या कागदाकडे आपण कधी नीट बघितलंय काय? तो कागद कोण लिहितो, कुठल्या भाषेत लिहितो, आणि लिहिणाऱ्यांमध्ये आपल्या गावचं पोरगं किंवा पोरगी का नाही? आज त्याबद्दल बोलायचंय.

कायदा काय म्हणतो

१ जुलै २०२४ पासून देशात तीन नवे फौजदारी कायदे लागू झाले. आयपीसीच्या जागी भारतीय न्याय संहिता, सीआरपीसीच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आणि पुराव्याच्या कायद्याच्या जागी भारतीय साक्ष्य अधिनियम. आपल्या कामाची कलमं मधल्या कायद्यात आहेत. नंबर बदलले, पण गाभा बराचसा जुनाच आहे.

कलम १७३. तोंडी फिर्याद दिली तर ती लिहून घ्यायची, फिर्यादीला वाचून दाखवायची, मग सही घ्यायची आणि एक प्रत फुकट द्यायची. वाचून दाखवणं हा उपकार नाही, कायदा आहे. आणि ज्याला कळत नाही त्याच्यासमोर कळत नसलेल्या भाषेत वाचणं म्हणजे वाचून दाखवणं नव्हे, एवढं सांगायला वकील लागत नाही.

कलम १८० आणि १८१. तपासात पोलीस साक्षीदारांचे जबाब घेतात. फिर्यादीवर सही लागते, पण या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते. हे आपल्यातल्या किती जणांना माहीत आहे? पुढे कोर्टात त्याच जबाबावर बोट ठेवून साक्षीदाराला खोटं पाडता येतं. जबाबात एखादी महत्त्वाची गोष्ट आलीच नसेल तर तीही विसंगती धरली जाऊ शकते. म्हणजे ठाण्यात चुकलेला एक शब्द तीनचार वर्षांनी कोर्टात उभा राहतो.

आणि कलम ३१२. साक्षीदार कोर्टाच्या भाषेपेक्षा वेगळ्या भाषेत बोलत असेल तर शक्य असल्यास साक्ष त्याच भाषेत नोंदवावी, नाहीतर कोर्टाच्या भाषेत तिचं अचूक भाषांतर करावं.

'शक्य असल्यास' हे दोन शब्द परत वाचा. आपला सगळा प्रश्न त्यात आहे. शक्य कधी होतं? दोन्ही भाषा पक्क्या येणारं माणूस त्या टेबलावर असेल तेव्हा. रायटर, पीएसआय, सरकारी वकील, कोर्टातला कारकून, दुभाषा, यापैकी कुणीतरी. आपण निवेदन देतो की मराठीतून कागद द्या. द्यायलाच पाहिजेत. घटनेच्या ३५० व्या कलमाने राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेतून गाऱ्हाणं मांडायचा हक्क आपल्याला दिलाय. पण कायद्याने 'शक्य असल्यास' म्हणून जी फट ठेवलीय, ती निवेदनाने बुजत नाही. ती तिथे बसलेल्या माणसाने बुजते.

न्यायालयं मात्र भाषेचा मुद्दा हलका मानत नाहीत. १९६२ साली हरिकिसन विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात स्थानबद्ध केलेल्या माणसाला कारणं इंग्रजीत दिली होती. त्याला इंग्रजी येत नव्हतं. त्याने हिंदीत मागितली, मिळाली नाहीत. सुप्रीम कोर्टाने ती स्थानबद्धताच बेकायदा ठरवली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने आणखी पुढे जाऊन सांगितलं, की अटकेची कारणं लेखी आणि अटक झालेल्या माणसाला कळेल त्या भाषेत दिली पाहिजेत, गुन्हा कुठलाही असो. निकाल आपल्या बाजूचा आहे. पण खानापूर नाहीतर निपाणीच्या ठाण्यात रात्री अकरा वाजता तो अमलात कोण आणणार?

आणि एक गोष्ट मोकळेपणाने बोलूया. १९६२ च्या खटल्यात चुकलेलं सरकार महाराष्ट्राचं होतं. आपलं राज्य झालं म्हणून पोलीस आपोआप न्यायी होत नाहीत. जत आणि अक्कलकोटकडे कन्नड बोलणारी गावं आहेत. तिथली एखादी अज्जी मराठी ठाण्यात जाते तेव्हा तिची आमच्या काकूसारखीच गत होऊ शकते. आपण काकूसाठी जे मागतो ते त्या अज्जीलाही मिळालं पाहिजे. तरच ती हक्काची मागणी, नाहीतर नुसती आपल्या लोकांची सोय.

गुन्हेशास्त्र म्हणजे नुसतं सीआयडी नव्हे

गुन्हेशास्त्र म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर टीव्हीवरची मालिका येते. खरं शास्त्र वेगळंच विचारतं. गुन्हा कशाला म्हणायचं, हे कोण ठरवतं? एकाच वस्तीतल्या दोन पोरांपैकी एकावरच पोलिसांची नजर का जाते? शिक्षेने माणूस सुधारतो की बिघडतो?

आपल्या भागातलंच उदाहरण घ्या. हुबळीत आणि सोलापुरात 'सेटलमेंट' नावाचे भाग आहेत. हे नाव कुठून आलं? इंग्रजांनी १८७१ साली गुन्हेगार जमाती कायदा केला आणि अख्ख्या जमाती जन्माने गुन्हेगार ठरवल्या. त्यातल्या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं, हजेरी लावली. त्याच या वसाहती. कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का लगेच पुसला गेला नाही. आजही चोरी झाली की काही वस्त्यांकडे आधी बोट जातं. एकदा शिक्का मारला की माणूस तसाच वागायला लागतो आणि समाजही त्याला तसाच वागवतो, असं सांगणारा एक मोठा विचार गुन्हेशास्त्रात आहे. तो वाचला की कर्नाटकातल्या रौडी शीटकडे बघायची नजर बदलते. एखाद्या पोराचं नाव त्यात कसं चढतं, उतरतं का, आणि तोवर त्याचं काय होतं, हे प्रश्न पडायला लागतात.

आंदोलन करणाऱ्या समाजाला हे ज्ञान जास्त लागतं. १७ जानेवारी १९५६ चा गोळीबार आणि १ जून १९८६ हे दिवस आपण दरवर्षी पाळतो. हिंडलग्याच्या हुतात्मा स्मारकावर जातो. पण जमावावर बळ कधी आणि किती वापरायचं, हुकूम कुणी द्यायचा, त्याची नोंद कशी ठेवायची, हे पोलीस अभ्यासाचे विषय आहेत. ते वाचलेली आपली किती माणसं आहेत?

वाटा कुठल्या

आधी एक गैरसमज काढून टाका. पीएसआय व्हायला गुन्हेशास्त्राची पदवी लागत नाही. कर्नाटकात असो की महाराष्ट्रात, कुठल्याही शाखेची पदवी चालते. त्यामुळे 'आमचा कोर्स करा, पोलीस व्हा' म्हणून कुणी मोठी फी मागत असेल तर दोन वेळा विचार करा. ही पदवी उपयोगी पडते ती संशोधनात, तुरुंग आणि सुधारणेच्या कामात, बालन्यायात, सायबर तपासात, आणि पोलिसात गेल्यावर डोकं वापरायला.

वर्दी ही पहिली वाट. पहाटे पाचला व्हॅक्सिन डेपोवर जाऊन बघा, किती पोरं-पोरी पळतात. मराठा सेंटरच्या गावात पळायला कुणाला शिकवावं लागत नाही. आपण अडतो ते पेपरात. कर्नाटकात पीएसआयचा पहिला पेपर पन्नास गुणांचा, निबंध, सारांश आणि कन्नड-इंग्रजी भाषांतराचा. महाराष्ट्राच्या पोलीस भरतीत मैदानी चाचणी पन्नास गुणांची आणि लेखी शंभरची. त्यात मराठी व्याकरण असतं आणि मराठी शाळेत शिकलेल्यांना ते सोपं जातं. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या ८६५ गावांपैकी एखाद्या गावात तुमचं पंधरा वर्षांचं वास्तव्य असेल आणि बाकीच्या अटी बसत असतील, तर तिकडच्या शासकीय भरतीत अर्ज करता येतो. त्यासाठी वास्तव्याचा दाखला लागतो. जाहिरात आल्यावर धावपळ करण्यापेक्षा तो आधीच काढून ठेवा. गोव्यात कोंकणीचं ज्ञान आवश्यक आणि मराठीचं इष्ट अशी अट बहुतेक जाहिरातींत असते.

दुसरी वाट प्रयोगशाळेची. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावे गोळा करायचे, असं नव्या कायद्याच्या कलम १७६ मध्ये आहे. ते लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत दिलीय. म्हणजे माणसं लागणार. केमिस्ट्री, बायॉलॉजी, फिजिक्स किंवा कॉम्प्युटर घेतलेल्यांनी हे डोक्यात ठेवा. राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाची केंद्रं धारवाड आणि गोव्यात आहेत. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठात गुन्हेशास्त्र आणि न्यायवैद्यक शास्त्राचा विभाग आहे. मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत गुन्हेशास्त्र आणि न्याय हा विषय जुना आहे. इंदूर-ग्वाल्हेरच्या दोस्तांना सागर विद्यापीठ जवळ आहे, तिथला विभाग १९५९ पासूनचा. वडोदऱ्याच्या लोकांना गांधीनगर.

तिसरी वाट वकिलीची, आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाची. बेळगावात राजा लखमगौडा लॉ कॉलेज आहे. सरकारी वकील झालात तर पोलिसांनी आणलेला कागद कोर्टात जायच्या आधी तुम्ही वाचणार. बचावाचे वकील झालात तर चुकलेला शब्द तुम्ही पकडणार. न्यायाधीश व्हायचं असेल तर मे २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने आता तीन वर्षांची वकिली आधी करावी लागते. म्हणून सुरुवात लवकर करा.

कन्नड शिकायचं म्हणजे हरायचं काय?

आता खरा कडू घोट. यातलं बरंचसं कन्नड पक्कं आल्याशिवाय होत नाही. बोलायचं नुसतं नव्हे, लिहायचं. हे वाचून काहीजण चिडणार, ते मला माहीत आहे. सक्तीच्या कन्नडविरुद्ध आपल्या माणसांनी छातीवर गोळ्या झेलल्या, आणि तू आम्हाला कन्नड शिका म्हणतोस?

होय, म्हणतो. सक्ती वेगळी आणि हत्यार म्हणून भाषा हातात घेणं वेगळं. आमच्या काकूच्या फिर्यादीत 'तळ्ळिद'च्या जागी 'होडेद' पडलं, हे त्या दिवशी माझ्याही लक्षात आलं नाही, कारण मला कन्नड वाचता येत नव्हतं. मी शेजारीच उभा होतो. वाचता आलं असतं तर तिथल्या तिथे एक शब्द दुरुस्त झाला असता. मराठीवरच्या माझ्या प्रेमाचा काकूला त्या टेबलावर काडीचा उपयोग झाला नाही. सुप्रीम कोर्टात महाराष्ट्राचा दावा २००४ पासून पडून आहे. त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तोवर काकूच्या फिर्यादी थांबणार नाहीत.

दुसरा प्रश्न याहून अवघड आहे. वर्दी घातली आणि १ नोव्हेंबरला काळ्या दिनाच्या फेरीसमोर बंदोबस्त लागला तर? समोर आपला मामा, आपला मित्र, आणि आपल्या हातात लाठी. याला गोड उत्तर नाही. वर्दीत गेल्यावर घोषणा देता येणार नाही, फेरीत चालता येणार नाही. तिथे कायद्याने वागायचं आणि समोर कानडी असो की मराठी, सारखंच वागायचं. ज्याला हे जमणार नाही असं वाटतं त्याने वर्दीच्या वाटेला जाऊ नये, वकील व्हावं. त्यात कमीपणा काही नाही. पण मला स्वतःला वाटतं, फेरीसमोर उभ्या असलेल्या पन्नास पोलिसांत घोषणेचा अर्थ कळणारे पाच जण असले तर लाठी थोडी उशिरा उठते. निदान नंतरच्या फिर्यादीत घोषणेचे शब्द तरी बरोबर लिहिले जातात.

अंगावर केस असेल तर

आपल्यातल्या बऱ्याच पोरांना ही भीती आहे. आंदोलनात नाव आलं, आता नोकरी गेली. म्हणून काहीजण फॉर्ममध्ये केस लपवतात. ते करू नका. २०१६ च्या अवतार सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने याबद्दल नियम घालून दिलेत. माहिती खरी द्यायची, हा पहिला. लहान वयात घोषणा देण्यासारखं किरकोळ प्रकरण असेल तर नेमणूक करणारा अधिकारी ते सोडून देऊ शकतो, असंही त्यात म्हटलंय. गंभीर गुन्हा असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा दोन गोष्टी. केस असेल तर वकिलाकडून तिचे सगळे कागद काढून जवळ ठेवा. आणि पुढाऱ्यांनो, तुम्हालाही सांगणं आहे. दगड मारायला अठरा वर्षांच्या पोराला पुढे करू नका. तुमची तारीख वकील बघतो, त्याची भरती मात्र कायमची जाते.

सुरुवात कुठून

पैसे न घालता तीन गोष्टी या महिन्यात करता येतात. पहिली, कोर्टात जाऊन बसा. फौजदारी खटले साधारणपणे खुल्या कोर्टात चालतात. मागच्या बाकावर बसून एक उलटतपासणी ऐका. दहा पुस्तकांत नाही ते तिथे कळेल. दुसरी, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे विधी स्वयंसेवक कधी घेतात त्याची चौकशी करा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि कोठडीतला कुणीही माणूस यांना १९८७ च्या कायद्याने फुकट वकील मिळतो. हे गावात सांगणारा कुणी नाही, ते काम तुम्ही करा. हेल्पलाईनचा नंबर १५१००, तो मंडळाच्या फलकावर लिहा. तिसरी, मंडळाच्या खोलीत गणपतीनंतर वर्षभर कुलूप असतं, तिथे आठवड्यातून दोन दिवस अभ्यास सुरू करा. एक कन्नड चांगलं येणारा, एक कायदा शिकणारा, बाकी शिकणारे. फिर्यादीचा एक जुना कागद घ्या, नावं झाका, मराठीत उतरवा, परत कन्नडमध्ये न्या, आणि काय काय बदललं ते बघा.

आपल्या फेरीत एक घोषणा असते, "रहेंगे तो महाराष्ट्र में, नहीं तो जेल में." आपल्या आज्या-आजोबांनी ती खरी करून दाखवली, हिंडलग्याच्या तुरुंगात राहून आले. आता आपल्या पिढीतून त्याच तुरुंगात कुणी जेलर म्हणून जावं, कुणी कैद्यांचा वकील म्हणून, कुणी सुधारणा अधिकारी म्हणून. सीमाप्रश्न त्याने सुटणार नाही. पण पुढच्या वेळी कुणाची काकू ठाण्यात जाईल तेव्हा ती जे बोलली तेच कागदावर उतरेल.

कोण कुठल्या परीक्षेची तयारी करतंय, खाली लिहा. एकाच गावचे दोघं निघाले तर जोडून देतो.

जय महाराष्ट्र.